तीन ड्रॉचा गंधार : ब्लूज हार्मोनिकाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५

आजपासून नोंदी. सी हार्मोनिका, सेकंड पोझिशन, म्हणजे वाजवायचं जी मध्ये. दिवाळीपर्यंत गिटारबरोबर ट्वेल्व्ह-बार ब्लूजची (एक आवर्तन बारा बारांचं, म्हणजे बारा मापांचं) काही आवर्तनं नीट वाजवता यायला हवीत. ‘नीट’ची माझी व्याख्या अरुंद आहे. तीन नंबरच्या होलमधून हवा ओढताना चार स्वर निघतात. त्यातला हवा तो, हवा तेव्हा, आधी चाचपडल्याशिवाय लागला पाहिजे. जीभ, हात, माइक हे सगळं त्याच्या मागून.

वाद्याची रचना एकदा लिहून ठेवतो, पुढे सारखी लागेल. दहा होलच्या डायटॉनिकमध्ये, म्हणजे एकाच सुराच्या साध्या हार्मोनिकात, फुंकलं की सी, ई, जी हेच तीन स्वर पुन्हा पुन्हा येतात आणि दहाव्यावर परत सी. ओढलं की क्रमाने डी, जी, बी, डी, एफ, ए, बी, डी, एफ, ए. आता जी हा सा धरला तर (‘ड्रॉ’ म्हणजे ओढून, ‘ब्लो’ म्हणजे फुंकून) १ ड्रॉ मंद्र पंचम, २ ड्रॉ सा, ३ ड्रॉ शुद्ध गंधार, ४ ब्लो मध्यम, ४ ड्रॉ पंचम, ५ ब्लो शुद्ध धैवत, ५ ड्रॉ कोमल निषाद, ६ ब्लो तार सा. म्हणजे काहीही न वाकवता खमाज थाटाचे स्वर हाताशी आहेत, फक्त मध्य सप्तकातला रिषभ जागेवर नाही. तो ३ ड्रॉ वाकवून काढायचा. ब्लूजला लागतो तो कोमल गंधारही तिथूनच. आणि या दोन गंधारांच्या मधली, ना कोमल ना शुद्ध अशी जी जागा ब्लूजवाले घेतात, तीही तिथूनच. एका होलवर एवढा भार टाकलेलं दुसरं वाद्य माझ्या पाहण्यात नाही.

कोणत्या सुराला कोणती हार्मोनिका घ्यायची याचा तक्ता लोक पाठ करतात. सरगम येत असेल तर तक्ता लागत नाही. गाण्याच्या सा चा मध्यम जिथे पडतो, त्या सुराची हार्मोनिका उचलायची. जी चा मध्यम सी. गिटारवाल्यांचा लाडका ई, त्याचा मध्यम ए.

२१ जून

बेंड, म्हणजे वाकवून खाली आणलेला स्वर, कुठे निघतो आणि कुठे निघत नाही, यात काहीही गूढ नाही. प्रत्येक होलमध्ये दोन रीड (हलून आवाज करणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या), एक फुंकीचा आणि एक ओढीचा. दोघांत जो उंच, तोच खाली वाकतो, आणि खालच्याच्या अर्धा स्वर वर येऊन थांबतो. १, ४ आणि ६ मध्ये दोन रीडमध्ये पूर्ण स्वराचं अंतर, म्हणून एकेकच बेंड. २ मध्ये ई आणि जी, मध्ये दोन जागा, दोन बेंड. ३ मध्ये जी आणि बी, मध्ये तीन जागा, तीन बेंड. ५ मध्ये ई आणि एफ खेटून बसलेत, त्यामुळे सूर जरासा कलतो एवढंच. सातव्यापासून पुढे फुंकीचा रीड उंच होतो, म्हणून ८, ९, १० फुंकून वाकवायचे.

यामागचं कारण वाचलं आणि सरावाची पद्धतच बदलली. पिट्सबर्गचे हृदयशल्यविशारद हेन्री बॅन्सन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९८ मध्ये हार्मोनिकाच्या रीडवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. बेंड घेताना दोन्ही रीड हलतात, आणि बेंड जसजसा खोल जातो तसतसा ओढीचा रीड मागे पडून फुंकीचा रीड आवाजाचा ताबा घेतो, असं त्यात मोजून दाखवलं आहे. म्हणजे ३ ड्रॉचा तळ गाठला की मुख्यतः वाजत असतो तो ब्लोचा रीड, आणि तोही उलट्या बाजूने उघडणारा.

मग जोर लावून उपयोग काय? काहीच नाही. दोन रीडमधली ही देवाणघेवाण तोंडातल्या पोकळीच्या नादावर ठरते. माठ भरत आला की पाण्याचा आवाज चढत जातो, कारण वरची रिकामी जागा लहान होते. इथे उलट करायचं आहे. जिभेचा मागचा भाग मागे आणि खाली नेऊन जागा मोठी करायची, म्हणजे सूर उतरतो. जोराने ओढलं तर रीड फक्त गुदमरतो.

सगळ्यांत कामाचा व्यायाम हार्मोनिकाशिवायचा आहे. श्वास आत ओढत शिट्टी वाजवायची आणि ती हळूहळू खाली आणायची. ओठ हलू द्यायचे नाहीत. जीभ तेव्हा जिथे जाते, तीच बेंडची जागा. गाडी चालवताना सिग्नलला करतो. शेजारच्या रिक्षावाल्यांच्या नजरा सोसाव्या लागतात.

२९ जून

तानपुरा ॲप जी वर लावून बसलो. ट्यूनर समोर ठेवायचा नाही असं ठरवलंय, कारण सुई दिसली की स्वर डोळे लावतात आणि कान आळशी होतात. वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, आणि मग रेकॉर्डिंग ट्यूनरला ऐकवायचं.

जे दिसलं ते असं. तळाचा बेंड, म्हणजे कोमल रिषभाचा, सापडायला उशीर लागतो, पण सापडला की स्थिर राहतो, कारण खाली जायला जागाच उरत नाही. अडचण वरच्या दोन बेंडची. कोमल गंधार आणि शुद्ध रिषभ यांना खालून टेकू नाही, ते अधांतरी धरावे लागतात. माझा कोमल गंधार बहुतेक वेळा उतरलेला, रिषभ तर कुठेही.

त्यावर उपाय म्हणून घसरत यायचं बंद. उघड्या स्वरावरून खाली येणं सोपं आहे आणि ऐकायला ‘ब्लूजी’ही वाटतं, म्हणूनच ते फसवं. आता थांबायचं, जीभ आधी जागेवर न्यायची, आणि मग हवा ओढायची. स्वर थेट वाकलेल्या जागीच सुरू झाला पाहिजे. आणि ‘सा रे ग रे सा’ वाजवायचं : २ ड्रॉ, ३ ड्रॉचा दुसरा बेंड, ३ ड्रॉ उघडा, आणि परत. पहिलीतल्या पोरालाही रिषभ चुकलेला कळतो, त्यामुळे इथे लपायला जागा नाही.

६ जुलै

आषाढी. मावशीकडे साबुदाण्याची खिचडी आणि परीक्षा. मावशीने आयुष्यभर गाणं शिकवलंय. माउथ ऑर्गन तिच्या लेखी सहलीला न्यायची वस्तू. तरी तिने तानपुरा मांडला, खरा, तारांचा, आणि म्हणाली, “वाजव.”

मी ३ ड्रॉवरून खाली आलो.

“हा कोणता लावलास?”

“कोमल गंधार.”

“नाही रे. तू वरून घसरतोयस आणि दम संपतो तिथे थांबतोयस. मींड घ्यायची तर पोचायची जागा आधी ठाऊक हवी. आधी गा बघू.”

गायलो. मग तोच वाजवला आणि पहिल्यांदा जवळपास बसला. हे मला आधी सुचायला हवं होतं अशातला भाग नाही, पण गाताना गळा आणि जीभ जी तयारी करतात ती बेंडच्या तयारीशी बरीच जुळते, हे तिच्यासमोर बसल्यावर स्पष्ट झालं. आता प्रत्येक बेंड आधी गायचा, मग वाजवायचा.

तिचा दुसरा आक्षेप न वाकवलेल्या ३ ड्रॉवर होता. “हा गंधार चढा आहे.” बरोबर होतं तिचं. माझी हार्मोनिका समान अंतराच्या, म्हणजे पियानोच्या पट्टीत मिळवलेली. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो त्यापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट वर असतो (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट). गळा सैल सोडून अगदी हलका कल दिला की तो खाली बसतो. मावशीने मान हलवली. तेवढ्यावर भागवलं.

१९ जुलै

२ ड्रॉ. नवशिके याच होलवर अडतात आणि हार्मोनिका खराब निघाली म्हणून बदलायला जातात. वाद्यात दोष नसतो. ओढताना तोंड नकळत बेंडच्या आकारात जातं, आणि स्वर अर्धवट वाकून दबतो. जबडा सोडायचा, हवा पोटातून घ्यायची, बस.

२७ जुलै

श्वास. सेकंड पोझिशनमध्ये ओढणं जास्त, फुंकणं कमी. त्यामुळे इतर फुंकवाद्यांपेक्षा तक्रार उलटी : दम कमी पडत नाही, साठतो. चार-सहा बारनंतर छाती इतकी भरते की पुढचा ड्रॉ घ्यायला जागा राहत नाही. जिथे ब्लो स्वर येतो तिथे हवा भरपूर बाहेर टाकायची, विश्रांतीच्या जागी नाकातून सोडायची, हे वाक्य बांधतानाच ठरवायला लागतं. ब्लूजमधली वाक्यं छोटी आणि मधल्या जागा मोठ्या का, याचं निदान अर्धं उत्तर छातीत आहे असं मला वाटायला लागलंय.

यासाठी आगगाडी. अमेरिकेच्या दक्षिणेत हार्मोनिकावाल्यांचा हा जुना खेळ. टेनेसीचा डिफोर्ड बेली हा त्यातला मोठा माणूस. त्याने १९२७ मध्ये ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, लुइव्हिल-नॅशव्हिल लाइनच्या गाडीची नक्कल. नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमाचं नाव पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ झालं, त्याचा तो सुरुवातीचा कृष्णवर्णीय तारा. ऐकताना इंजिन, शिट्टी, रूळ सगळं दिसतं, आणि हे सगळं एक माणूस नुसता श्वास घेत-सोडत करतोय. दोन ओढ, दोन फुंक, खालच्या तीन होलवर, हळूहळू वेग वाढवत. यात स्वर लावायचा नसतो, त्यामुळे फुप्फुसांकडे लक्ष देता येतं.

संध्याकाळी नदीकाठाला ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झालाय. आता सप्टेंबरपर्यंत सात ते दहा तानपुरा विसरायचा. आगगाडी मात्र त्या गोंगाटातही होते, उलट ताशाच्या लयीवर बरी जमते.

१० ऑगस्ट

लिटल वॉल्टरचं ‘ज्यूक’ दिवसभर. लुइझियानाचा मॅरियन वॉल्टर जेकब्ज. चाळीशीही न गाठता १९६८ मध्ये गेला. ‘ज्यूक’ १२ मे १९५२ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रित झालं, ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या साथीदारांबरोबर, आणि बिलबोर्डच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या जागी राहिलं. गाणारं कोणी नाही, नुसती हार्मोनिका, तीन मिनिटांहून कमी. ई मध्ये, म्हणजे ए हार्मोनिकावर.

मला त्यात शोधायचं होतं ते जिभेचं काम. मी आत्तापर्यंत ओठांचा चंबू करून एकेक होल वाजवतो. वॉल्टर, बिग वॉल्टर हॉर्टन आणि शिकागोची ती सगळी पिढी जीभ लावून वाजवायची : तोंड चार होल झाकेल इतकं उघडायचं, डावीकडची तीन जिभेने बंद करायची, उजवीकडचं एक उघडं. स्वर एकच येतो, पण भरदार, कारण तोंड आपोआप मोठं राहतं. आणि जीभ क्षणभर उशिरा टेकवली तर आधी सगळा कॉर्ड (एकदम वाजणारे स्वर) वाजून मग स्वर उरतो. तो जो ‘थाप’ बसल्यासारखा आवाज येतो तो हाच.

सप्तकाची जोडीही यातूनच. चार होल झाकून मधली दोन जिभेने बंद केली की फुंकीत सगळीकडे एका सप्तकाचं अंतर मिळतं : १-४, २-५, ३-६. ओढीत मात्र १-४ वर डी-डी मिळतो, पण २-५ वर जी आणि एफ. पुढे ३-७ आणि ४-८ साठी जीभ आणखी रुंद करावी लागते. डोक्यात ठेवण्यापेक्षा जिभेत ठेवणं बरं.

जीभ लावून बेंड अजून होत नाही. जिभेचं टोक होलवर अडकलेलं, त्यामुळे मागचा भाग एकट्याने हलवायचा. ३ ड्रॉ पुन्हा पहिल्यापासून. सध्या दोन्ही पद्धती : बेंडला चंबू, बाकी जीभ. शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडोत.

२० ऑगस्ट

४ ड्रॉ उतरला आहे. पंचम तानपुऱ्यावर ठेवला की लाटा ऐकू येतात. ४ आणि ५ ड्रॉ हे रीड सर्वांत आधी थकतात, कारण सगळ्यांत जास्त तेच वापरले जातात. पितळ वाकून वाकून शिणतं, आधी सूर उतरतो आणि शेवटी तुटतं.

खोलून बसलो. फीलर गेज, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, छोटी कानस. वरच्या प्लेटवर फुंकीचे रीड, कोंबच्या (होल असलेल्या मधल्या चौकटीच्या) आतल्या बाजूला, खालच्या प्लेटवर ओढीचे, बाहेरच्या बाजूला. म्हणजे ओढीचे रीड झाकण काढलं की लगेच हाताशी येतात, हे नशीब. सूर चढवायचा तर टोकाजवळ अगदी किंचित घासायचं, टोक हलकं झालं की रीड वेगाने हलतो. उतरवायचा तर रिव्हेटजवळ. रीडखाली कागदाएवढा पातळ पत्रा सरकवून घासायचं, नाहीतर रीड खालच्या फटीत दाबला जातो. घासल्यावर लगेच मोजू नये, धातू बोटाने गरम झालेला असतो.

टोकाची फटही बघितली. अंदाजाचा नियम असा की टोक प्लेटपासून साधारण स्वतःच्या जाडीइतकं वर असावं. फट जास्त असेल तर हवा वाया जाते, कमी असेल तर जोरात ओढल्यावर रीड अडतो. ३ चे दोन्ही रीड थोडे खाली घेतले. बेंडमध्ये दोन्ही बोलतात, तर दोन्ही नीट बसलेले हवेत. फरक लगेच जाणवला, रिषभ कमी हवेत निघतो.

३१ ऑगस्ट

घरी गौरी. सराव नाही. रात्री भांडी आवरल्यावर दुसऱ्या सनी बॉय विल्यमसनच्या रेकॉर्ड. (पहिला सनी बॉय, जॉन ली विल्यमसन, १९४८ मध्ये शिकागोत मारला गेला. दुसरा राइस मिलर, आर्कन्सॉच्या हेलेना गावच्या रेडिओवरून १९४१ पासून ‘किंग बिस्किट टाइम’मध्ये वाजवायचा. दोघांचं नाव एकच, यावरून गोंधळ आजही चालू.) मिलरचे हात ऐकण्यासारखे. तळव्यांची ओंजळ उघडताना स्वर बोलल्यासारखा होतो. आणि किती कमी वाजवतो!

१४ सप्टेंबर

आज गिटारवाला मित्र आला, आणि तीन महिन्यांचं तानपुऱ्याचं गणित वेगळ्या पट्टीने मोजावं लागलं.

ट्वेल्व्ह-बारचा आराखडा : पहिले चार बार जी, पाच-सहा सी, सात-आठ जी, नववा डी, दहावा सी, अकरावा जी, बारावा डी आणि परत सुरुवात. मी माझा ३ ड्रॉ, मावशीच्या पसंतीचा, हलक्या कलाचा शुद्ध गंधार, पहिल्या चार बारमध्ये मजेत ठेवला. पाचव्या बारला गिटार सी सेव्हनवर गेली आणि तोच गंधार कानात काट्यासारखा रुतला.

कारण कागदावर लगेच सापडलं. सी सेव्हनमध्ये सी, ई, जी आणि बी फ्लॅट. माझा ३ ड्रॉ बी, म्हणजे कॉर्डच्या मुळाशी अर्ध्या स्वराने भांडणारा आणि त्याच्याच सातव्याशीही अर्ध्या स्वराने भांडणारा. तिथे पहिला बेंड पूर्ण घ्यायलाच हवा. म्हणजे जी च्या दृष्टीने जो कोमल गंधार, तोच सी च्या दृष्टीने कोमल निषाद. स्वर एकच, पण पायाखालची जमीन सरकली की त्याचं काम बदलतं.

आपल्याकडे सा हलत नाही. स्वराची जागा सा शी ठरते आणि तानपुरा ती अखंड आठवण देत राहतो. इथे जी हा सा आहेच, पण पाचव्या बारला बॅकिंग म्हणते, “आता थोडा वेळ सी.” परत आल्यावर पुन्हा गंधार थोडा वर. ३ ड्रॉचा अर्धवट वाकवलेला, ना कोमल ना शुद्ध असा गंधार पहिल्या चार बारमध्ये गोड लागतो, तो इथे मधेच लोंबकळतो. लिटल वॉल्टरपासून सगळे पाचव्या बारला तो खाली का ढकलतात, हे मी ऐकत होतो, पण कळत नव्हतं.

मित्राचं म्हणणं सोपं होतं : “अरे, कॉर्ड बदलला की तू पण बदल ना.” गिटारवाल्यांना हे सांगायला काय जातं, त्यांना पडदे आहेत.

नवा सराव : गिटारचं लूप, फक्त ३ ड्रॉ. चार बार मधला गंधार, दोन बार कोमल, दोन बार पुन्हा मधला. दुसरा एकही स्वर नाही. कंटाळवाणं वाटतं, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर हा एकच स्वर जवळजवळ गाण्यासारखा वाटतो.

२७ सप्टेंबर

नववा बार. सर्वांत अवघड. डी सेव्हनमध्ये डी, एफ शार्प, ए, सी. डी साठी १ आणि ४ ड्रॉ आहेत, सी साठी ब्लो. पण ए म्हणजे ३ ड्रॉचा दुसरा बेंड, आणि एफ शार्प म्हणजे २ ड्रॉचा पहिला बेंड. दोन्ही अधांतरी. म्हणूनच बहुतेक वादक नवव्या बारला १ किंवा ४ ड्रॉ धरून निघून जातात, आणि त्यात काही वाईट नाही. मी हट्टाने ‘४ ड्रॉ, ३ ड्रॉचा दुसरा बेंड, २ ड्रॉचा पहिला बेंड, १ ड्रॉ’ अशी उतरण बसवली, म्हणजे डी, ए, एफ शार्प, डी. सावकाश, मेट्रोनोम ६० वर. रिषभ लागतो. एफ शार्प दहातल्या काही वेळाच.

२ ड्रॉचे दोन बेंड जवळ असल्यामुळे तिथे जिभेची हालचाल ३ पेक्षा लहान आणि जागा जास्त मागे. खालचा होल, मोठी पोकळी. जिभेला दोन्ही होलसाठी वेगळं पाठांतर करावं लागतंय.

५ ऑक्टोबर

मित्राने वडिलांची जुनी मरीन बँड आणून दिली. होनर कंपनीचं हे मॉडेल १८९६ पासून चालू आहे, जर्मनीतल्या ट्रॉसिंगनचं. लाकडी कोंब, खिळे ठोकलेल्या प्लेट. लाकूड पावसाळ्यात फुगून ओठांना टोचतं, पण आवाज ऐकून ते माफ.

जुन्या मरीन बँड पियानोच्या पट्टीत मिळवत नसत. ओढीचा कॉर्ड ४:५:६:७ या प्रमाणात मिळवायचे, म्हणजे जी, बी, डी, एफ एकत्र ओढले की लाटा न उठता एकच घट्ट आवाज होतो. किंमत अशी की ५ ड्रॉचा कोमल निषाद पियानोपेक्षा सुमारे ३१ सेंट खाली. एकटा वाजवला तर उतरलेलाच वाटतो.

मावशीला फोनवर ऐकवला. “उतरलाय.” मग मी म्हणालो, तुझ्या तानपुऱ्याच्या खर्जात सातवा स्वयंभू, म्हणजे सातवा उपस्वर, हाच आहे, कान देऊन बघ. थोड्या वेळाने तिचा फोन : “आहे खरा. पण आम्ही तो गात नाही.” तिचं म्हणणं तिच्या ठिकाणी पक्कं आहे. शिकागोत तो गातात.

आता एकाच आवर्तनासाठी हार्मोनिका निवडण्याचा प्रश्न. कॉर्ड जास्त असतील तर जुनी. सुटे स्वर आणि वरचे बेंड असतील तर माझी. आगगाडीसाठी निर्विवाद जुनी.

१२ ऑक्टोबर

माइकबद्दल थोडक्यात. वॉल्टरच्या पिढीने हातात मावणारे गोल माइक घेतले, शूअर आणि ॲस्टॅटिकचे, मुळात भाषणासाठीचे, आणि ते लहान ॲम्प्लिफायरवर फाटेपर्यंत चढवले. माझ्याकडे मित्राचा साधा गाण्याचा माइक. मुख्य काम माइकचं नाही, ओंजळीचं. हार्मोनिका आणि माइक दोन्ही हवाबंद धरले की खालचे सूर भरतात. फट राहिली की सगळं पातळ. अंगठ्याजवळची फट माझ्याकडून अजून बंद होत नाही.

हवाबंद ओंजळीचा एक परिणाम कोणी सांगत नाही : समोरून दाब येतो आणि बेंडची जागा किंचित सरकते. ३ ड्रॉ पुन्हा तपासावा लागला.

१९ ऑक्टोबर

मित्राच्या गच्चीवर रेकॉर्डिंग. खाली पोरं किल्ला करतायत, मध्येच लवंगी. जी मध्ये, शफल (झुलती लय), ८८ चा वेग.

बारनिहाय : १ ते ४ मधला गंधार बसला, शेवटच्या आवर्तनात तर मुद्दाम थोडा शुद्धाकडे चढवता आला. ५ आणि ६ चा कोमल गंधार बहुतेक जागी, पण बार पाचच्या पहिल्या मात्रेवर अजून वरून घसरत येतो, थेट लागत नाही. ९ : रिषभ ठीक, एफ शार्प दोनदा गेला, तिसऱ्यांदा मी ४ ड्रॉ धरून निघून गेलो. १० ला हवा साठली होती, ब्लोवर सोडायला हवी होती, सोडली नाही. ११-१२ चा टर्नअराउंड (परत सुरुवातीला नेणारा तुकडा) जीभ लावून, तिथली थाप ऐकू येते.

मित्र म्हणतो पुढच्या महिन्यात ई मध्ये बसू. म्हणजे ए हार्मोनिका. सी पेक्षा दीड स्वर खाली, रीड लांब, तोंडाची पोकळी आणखी मोठी लागणार, त्यामुळे सी वर बसवलेल्या जिभेच्या सगळ्या जागा सरकणार. मागवली आहे. आली की पहिल्या दिवशी फक्त ३ ड्रॉ, ई चा तानपुरा लावून. दुसऱ्या दिवशी तानपुरा बंद आणि ए सेव्हनचं लूप.